विनामूल्य सल्ल्याचे मोल

आपल्या गावातील घराघरांचे कोनाडे पाहिले, तर मृद आरोग्य पत्रिका घडीही न मोडता पडून असल्याचे अनेक ठिकाणी आढळेल. त्याच घरात डाळिंबाच्या बागेसाठी पैसे मोजून आणलेल्या सल्लागाराची चिठ्ठी मात्र खिशात जपून ठेवलेली असते आणि तीत लिहिलेली फवारणी ठरल्या दिवशी होते. ज्यासाठी पदरचा पैसा मोडला ते मोलाचे व जे फुकट आले ते हलके, असा मनाचा कौल असतो. हा कौल चुकला, तर नुकसान शेताचेच होते. म्हणून त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पैसा हे माप अपुरे

धान्य मुठीत घेऊन पारखता येते, बैलाचे दात पाहता येतात. माहितीचे तसे नाही. ती कळण्यापूर्वी तिची पारख होत नाही, आणि एकदा कळली म्हणजे तिच्यासाठी पैसे देण्याचे कारण उरत नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने ही अडचण १९६२ साली मांडली. अन्य माप हाती नसल्यामुळे माणूस किमतीवरूनच गुणाचा अंदाज बांधतो.

तो अंदाज फसतो कसा, हे दोन अनुभवांवरून दिसेल. महाराष्ट्रात २००७ साली भ्रमणध्वनीवर बाजारभाव, हवामान व पीकसल्ला कळविणारी 'रॉयटर्स मार्केट लाइट' ही सेवा वर्गणी घेऊन सुरू झाली. तिच्याविषयी शंभर गावांत केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांतील शेतकऱ्यांना ती सेवा देण्यात आली, त्यांना मिळालेल्या भावात इतरांच्या तुलनेने लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट गुजरातेतील सुरेंद्रनगर जिल्ह्यात दूरध्वनीवरून शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या सेवेचा अभ्यास झाला. तेथील शेतकरी तिच्यासाठी जी रक्कम देण्यास तयार होते, ती सेवेच्या खर्चापेक्षा कमी होती. तरीही सल्ल्यानुसार त्यांनी आपल्या पद्धती बदलल्या व जिऱ्याचे उत्पादन वाढले. तात्पर्य, किंमत लावल्याने माहिती उपयुक्त ठरत नाही आणि किंमत न दिल्याने निरुपयोगीही ठरत नाही.

फुकट सल्ल्याची झाकलेली किंमत

सर्वच फुकट सल्ले मात्र सारखे नसतात. औषध-विक्रेता दुकानात उभ्या उभ्या जो सल्ला देतो, त्याचे पैसे तो वेगळे मागत नाही. कारण ते बाटलीच्या किमतीत आलेले असतात. सगळेच विक्रेते चुकीचे सांगतात असे नव्हे. परंतु 'यंदा फवारणीची गरज नाही' हा सल्ला त्या दुकानातून मिळणे कठीण, एवढे ध्यानी ठेवावे.

पत्रिका मागे का पडली?

मृद आरोग्य पत्रिका योजनेस १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे प्रारंभ झाला. त्या वेळी बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरांमागे व जिरायती क्षेत्रात दहा हेक्टरांमागे एक नमुना घेण्याची पद्धत ठरविण्यात आली होती. अर्थात आपल्या पत्रिकेतील आकडे शेजाऱ्याच्या रानातील मातीचेही असू शकत. शेतकऱ्याच्या मनातील शंकेला आधार होता; पण उणीव फुकटपणाची नसून नमुन्याची होती. शुल्क भरून माती तपासून घेणारा नमुना स्वतः काळजीने काढतो, आणि बराचसा फरक तेथेच पडतो.

तेव्हा नमुना आपल्याच हाताने काढावा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा, सुमारे वीस सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा. आतील माती काढून टाकून कडेची माती वरपासून तळापर्यंत खरवडून घ्यावी. सर्व माती मिसळून, सावलीत वाळवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत हीच कृती करावी. बांधालगतची, झाडाखालची वा शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नये. नुकतेच खत दिलेल्या शेतातून नमुना काढू नये. हलकी व भारी जमीन एकत्र मिसळू नये.

अहवाल हाती आला म्हणजे खताचा हिशेब मांडावा. पन्नास किलोच्या डीएपीच्या एका गोणीत नऊ किलो नत्र व तेवीस किलो स्फुरद असते. जमिनीत स्फुरद भरपूर असल्याचे दिसले, तर कृषि सहायकाच्या सल्ल्याने ती मात्रा कमी करता येते. वाचलेली गोणी हेच त्या कागदाचे खरे मोल होय.

सल्ला कोणताही असो, तीन प्रश्न विचारावेत: तो माझ्याच शेताचा आहे काय? तो वेळेवर आला आहे काय? आणि तो देणाऱ्याचा त्यात लाभ कोणता? त्यांची उत्तरे समाधानकारक असतील, तर सल्ला फुकट म्हणून टाकू नये. नसतील, तर महाग म्हणून घेऊ नये. पैसा भरला नसेल तेथे आपला एक दिवस व थोडे श्रम खर्ची घालावेत. कोनाड्यातील पत्रिका पेरणीपूर्वी बाहेर काढावी, ही विनंती.