सायकल कुठं घ्यावी : धाराशिव, सोलापूर की मोबाइलवर?

घरात दोन-तीन सायकली घ्यायच्या असतील तर धाराशिवकर आधी सोलापूर किंवा लातूरचं नाव काढतो. तिथं निवड जास्त मिळते, हे खरं. पण टेम्पोचं भाडं धरलं की स्वस्ताई बरीचशी आटते. ऑनलाइन सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. हँडल, पॅडल, ब्रेक बसवायला शेवटी गावातल्या मिस्त्रीकडेच जावं लागतं, मजुरी वेगळी. म्हणून आमचं मत : पंक्चर जिथं काढणार, त्याच्या जवळपासच खरेदी करा.

साधारण सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला 20 इंची, त्यापुढे 24, मोठ्यांना 26 इंची चाक. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घेऊ नका. सीटवर बसून पाय टेकले पाहिजेत. जुनी घेताना सायकल उलटी करून चाक फिरवा. रिम ब्रेकच्या रबराला एकाच जागी घासत असेल तर ‘आउट’ आहे. बाभळीच्या काट्यांच्या वाटेला गिअरपेक्षा जाड टायर बरा.

22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. पक्कं बिल मागा. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. 2022 मध्ये ते 5,000 रुपये झालं. त्यासाठीही खरेदीची पावती लागते. आपला तालुका यादीत आहे का, हे मुख्याध्यापकांना आधी विचारा.