घरचे कागद आणि बंद मोबाईल

इद्दतीत बसलेल्या एका ओळखीच्या बाईंना भेटायला मी मागच्या वर्षी कुदळवाडीला गेले होते. त्यांचा मोठा मुलगा माझा जुना विद्यार्थी, तेव्हा अकरावीत. वडील चाकणच्या पट्ट्यात कामाला, महाळुंगे, नाणेकरवाडी, खराबवाडी असे अकरा वर्षांत चार ठेकेदार बदललेले. रात्रपाळीहून आले, छातीत दुखले आणि संध्याकाळपर्यंत सगळे संपले. अल्लाह मगफिरत करो.

मुलाने माझ्यासमोर दोन प्लास्टिकच्या पिशव्या ओतल्या. विजेची बिले, दोन रेशन कार्डे, लसीकरणाची चिठ्ठी, कुठल्याशा फ्रिजचे वॉरंटी कार्ड. कामाचे काही नाही. "पप्पा सगळं मोबाईलमध्ये ठेवायचे, मॅडम." मोबाईल टेबलावर होता. पॅटर्न कोणालाच माहीत नव्हता. बाई म्हणाल्या, "बाजी, घरात काय कुठे आहे ते त्यांनाच माहीत होतं. मी कधी विचारलंच नाही."

मुलाला वडिलांचा यूएएन हवा होता. म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा तो बारा अंकी क्रमांक, जो 2014पासून कामगाराला मिळतो आणि कंपनी बदलली तरी बदलत नाही. निदान बदलू नये. प्रत्यक्षात नवा ठेकेदार विचारतो, "पीएफ आहे का?", माणूस घाईत "नाही" म्हणतो आणि दुसरा क्रमांक तयार होतो. जुने पैसे जुन्या क्रमांकावर पडून राहतात. नोकरीची वर्षेही तुटतात आणि खरे नुकसान तिथे आहे, कारण कामगाराच्या स्वतःच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. चार तुकडे जोडून घेतले तर अकरा वर्षे, न जोडले तर कुठे दोन, कुठे तीन.

नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांचे तीन वेगवेगळे हक्क असतात. निधीची रक्कम, विधवेची आणि मुलांची पेन्शन, आणि विम्याची रक्कम, जी कमाल 7 लाखांपर्यंत जाते. या बाईंना तिसऱ्याची कल्पनाच नव्हती. पहिल्याबाबत कळले ते असे, की नॉमिनी म्हणून सासूचे नाव होते. लग्नाआधी भरलेले, तसेच राहिलेले. लग्नानंतर नॉमिनेशन नव्याने करावे लागते. सासूबाईंचा इंतकाल होऊन आठ वर्षे झाली होती.

नावाचा घोळ तर आपल्या समाजात घरोघरी आहे. शाळेच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या पद्धतीने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आधारवर 'शेख' सगळ्यात आधी, कारण कॅम्पवर बसलेल्या मुलाला वडिलांनी तोंडी तसेच सांगितले. इंग्रजीत हेच 'शेख' एका कागदावर ए-आयने, दुसऱ्यावर ई-आयने. 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे नुसते 'एमडी'. बोलताना हे सगळे एकच, पण संगणकासाठी ती तीन वेगळी माणसे. उर्दू शाळेत रजिस्टरवरचे नाव उर्दूत, मग मराठीत, मग इंग्रजीत जाते आणि प्रत्येक पायरीवर एखादे अक्षर सांडते. नववीत मी पालकांना बोलावून मुलांची नावे आधारशी ताडून घ्यायला सांगते. काही पालक कंटाळतात. कंटाळू द्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव चढले की दुरुस्तीला फार पायपीट पडते.

त्या भेटीनंतर मी घरी येऊन स्वतःचे कपाट उघडले. दुसऱ्याला काय शिकवणार, माझेही तेच! बीएडची गुणपत्रिका कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये, अब्बांच्या औषधांची यादी जुन्या फोनमध्ये. तेव्हापासून आमच्या घरात शंभर पानी वही आहे. प्रत्येक माणसाला दोन पाने. आधारवर जसे आहे तसे नाव अक्षर न अक्षर, यूएएन, बँकेची शाखा, विमा, नॉमिनी कोण, कोणता मोबाईल नंबर कशाला जोडलेला, आणि मूळ कागद घरात कुठे आहे. शेवटच्या पानावर उसने दिलेले-घेतलेले. बँकेचा पिन वहीत लिहायचा नाही. फोनचा पॅटर्न मात्र नवरा-बायकोने एकमेकांना सांगावा असे माझे मत आहे. यावर आमच्या स्टाफरूममध्ये बराच वाद झाला, तो इथे नको.

वही आधी, मोबाईल नंतर. मोबाईलमध्ये 'घर' नावाचे एकच फोल्डर. फायलीला नाव द्यायचे ते माणूस, कागद, वर्ष या क्रमाने. इथे मी एक चूक केली होती. काही नावे उर्दूत लिहिली, काही मराठीत, काही रोमनमध्ये. शोधायला गेले की एक सापडायची, दोन नाहीत. फोन अक्षरे जुळवतो, अर्थ नाही. आता सगळी नावे एकाच लिपीत. आम्ही रोमन घेतली, कारण मुलांचा हात तिथेच बसतो.

व्हॉट्सॲप हे कपाट नव्हे. तिथून पाठवलेला फोटो आकसतो आणि बारीक अक्षर वाचता येत नाही. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा आणि लगेच फोल्डरमध्ये ठेवावा. 2015मध्ये सुरू झालेले सरकारी डिजिलॉकर चांगले आहे, पण त्यात दोन कप्पे आहेत. संबंधित खात्याकडून थेट आलेला कागद मुळासारखा धरला जातो. आपण फोटो काढून चढवलेला कागद मात्र नुसता फोटोच राहतो. वाहन परवाना, आधार, अलीकडच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका थेट मागवून घ्याव्यात. निकाहनामा सहसा उर्दूत हाताने लिहिलेला असतो, तो तिथे आपोआप येणार नाही. त्याची स्वच्छ प्रत आपणच काढायची.

"मरणाच्या गोष्टी आतापासून कशाला?" असे आमच्या घरातही म्हणाले. पण कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे; मुदत, साक्षीदार, लिहिणारा, सगळे त्यात आहे. ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्री काढू नयेत, या अर्थाची हदीस बुखारीत आणि मुस्लिममध्ये आहे. मशिदीत हे ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. आणखी एक गैरसमज दिसतो. बँकेतला नॉमिनी रक्कम स्वीकारतो, म्हणून ती सगळी त्याची होत नाही. वारसांचे शरीअतने ठरवलेले हिस्से राहतातच. मुलींचा हिस्सा तर अशा गोंधळातच बुडतो, आणि कागद सापडत नाहीत हे सांगायला भावांना बरे पडते.

त्या मुलाला शेवटी एक धागा मिळाला तो ईदच्या कपड्यांच्या खोक्यात. 2016ची एक चुरगळलेली पगाराची स्लिप, तिच्यावर 'पीयूपीयूएन'ने सुरू होणारा खाते क्रमांक. पुण्याचे क्रमांक असेच सुरू होतात. तिच्यावरून एक खाते मिळाले, मग आधारवरून दुसरे. आम्ही दोघांनी चार महिने अर्ज केले. नाव दुरुस्तीची कागदपत्रे, वारस दाखला, मृत्यूचा दाखला. मधल्या काळात वडिलांचे सिम बंद पडू नये म्हणून तो दर महिन्याला रिचार्ज मारत होता, कारण प्रत्येक ओटीपी त्याच नंबरवर. बाईंची पेन्शन सुरू झाली. पहिल्या ठेकेदाराकडच्या दोन वर्षांचा पत्ता अजून लागलेला नाही. त्याचे ऑफिस होते तिथे आता टायरचे दुकान आहे.

परवा तो मुलगा शाळेत आला होता. आता बारावी झाली, एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागला आहे. खिशातून छोटी डायरी काढून दाखवली. पहिल्या पानावर स्वतःचा यूएएन, खाली नॉमिनी म्हणून आईचे नाव, आधारवर आहे तसेच.