वानगी दाखवावी कशी?

चाकणचा कांदा बाजार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. व्यापारी सगळी गाडी उपसत बसत नाही. पिशवीत हात घालतो, चार कांदे काढतो, दाबून पाहतो आणि भाव बोलतो. ती झाली वानगी. पण ज्याचा माल म्हणजे हातातली कला, त्याने काय दाखवायचं?

हा प्रश्न आता आपल्या घरात आला आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. पुढे भोसरी, आकुर्डी, चाकण असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला. मुले यंत्रावर लागली. आता काही मुलेमुली संगणकावर पाकिटाचे लेबल, दुकानाची पाटी, लग्नपत्रिका तयार करतात. याला डिझाइन म्हणतात. काम मागायला गेले की पहिला सवाल येतो, "आधीचं काम दाखवा."

ते दाखवण्याची एक जागा म्हणजे वेबसाइट. जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९९१ साली सर्वांना खुली केली. आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ ला. वेबसाइट म्हणजे जणू आपल्या नावाचे दुकान. ते कधी बंद होत नाही, आणि गिऱ्हाईक मोबाइलवरून आत येते.

पण दुकान आधी कागदावर मांडावे, बरे का! आम्ही शाळेत चित्रांचे प्रदर्शन भरवायचो, तेव्हा एकूण एक वह्या मांडायचो. कुणाचे मन मोडू नये म्हणून. पाहुणे दोन वह्या उलटायचे अन् चहाकडे वळायचे. चांगले चित्र तळाशीच राहायचे. म्हणून सहा-सात कामे निवडावीत, आणि सगळ्यांत चांगले पहिले ठेवावे.

चित्र नुसते टांगू नये. समजा, मुलीने बचत गटाच्या पापडाचे लेबल केले. मग तिने चार ओळी लिहाव्यात. गटाला काय हवे होते? पहिला नमुना का फसला? अक्षरे बारीक होती, आजीबाईंना वाचता येईनात. मग ती मोठी केली, रंग कमी केले. हे वाचून गिऱ्हाइकाला कळते की पोरीला विचार करता येतो. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची नावे रेखाटली. नाटक जसे, तसे अक्षराचे वळण. त्यामागे विचार असायचा.

आता एक सावधगिरी. मुलगा कारखान्यात आराखडे काढत असेल, तर ते आराखडे मालकाचे. लेखी परवानगीवाचून ते वेबसाइटवर लावू नयेत. नोकरी जाईल, कज्जाही होईल. "मग माझ्याजवळ दाखवायला काय उरलं?" असे पोरगा विचारील. त्याने स्वतःहून काम काढावे. गावच्या एस.टी. थांब्याचा वेळापत्रकाचा फलक नव्याने आखावा, आणि खाली स्पष्ट लिहावे की हे सरावासाठी केले आहे. दुसऱ्याचे चित्र आपले म्हणून लावणे ही तर चोरीच. वरती चांगले कांदे आणि खाली सडके, हे व्यापाऱ्याच्या हाताला लागतेच.

वेबसाइटचे नाव विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीच्या भाड्याने मिळते. भाडे थकले की नाव जाते. २०१४ पासून देवनागरीतही नाव घेता येते, शेवटी '.भारत' येते. पहिल्याने फुकट मिळणारी जागा घ्यावी, त्यात कमीपणा नाही. संपर्काला ईमेल द्यावा. घरचा पत्ता किंवा आधार क्रमांक मुळीच देऊ नये. फोटो जड असले तर मोबाइलवर उघडायला वेळ लागतो, म्हणून ते हलके करून घ्यावेत.

सगळे जुळले की शेजाऱ्याच्या हाती मोबाइल द्यावा. आपण काही बोलू नये, नुसते पाहावे. जिथे त्याचे बोट अडेल, तिथे आपल्या कागदावर खूण करावी.