एक गाभा, अनेक चौकटी

दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्या माणसाला विजेची मोटर काय चीज आहे, हे सांगावे लागत नाही. तीच मोटर एके ठिकाणी पंप चालवते, दुसरीकडे पंखा. प्रत्येक यंत्रासाठी ती कोणी नव्याने घडवत बसत नाही. खालची बैठक बदलते, कपलिंग बदलते; मोटर तीच. संगणकावरच्या संकेतस्थळांना हाच व्यवहार कसा लागू पडतो, ते आज पाहू.

उदाहरण घरचेच घेऊ. ‘बोऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ युनिकोड या लिपिसंकेतात तीन तऱ्हांनी लिहिता येतो. कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतो, कोणी साध्या ‘र’खाली नुक्ता देतो, तर कोणी पाय मोडलेल्या ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. डोळ्यांना तिन्ही रूपे सारखीच. पण यंत्राला डोळे कुठले? ते संकेतांक ताडून पाहते. एका तऱ्हेने भरलेले नाव दुसऱ्या तऱ्हेने शोधले, की ‘सापडत नाही’ असं उत्तर मिळतं, आणि हेलपाटे पडतात ते नावाच्या मालकाला!

यावर इलाज दोन टोकांना करावा लागतो. लिहिणाऱ्याच्या पडद्यावर योग्य अक्षर उमटवणे हे एक टोक. सर्व्हरवर साठवण्यापूर्वी नाव एकाच रूपात आणणे हे दुसरे. पडद्यावर केले की झाले, असे आपण म्हणाल. पण मजकूर कोणत्या कळफलकावरून येईल, याचा नेम नाही. म्हणून सर्व्हरवरची तपासणी टाळता येत नाही. दोन्ही टोके सांभाळणाऱ्या तयार संचाला ‘फुल-स्टॅक लायब्ररी’ म्हणतात.

आता खरी अडचण. प्रत्येक संकेतस्थळाची चौकट, म्हणजे फ्रेमवर्क, निराळी. कोणाचे जँगो, ते पायथन भाषेतले. कोणाचे लॅराव्हेल, ते पीएचपीतले. पडद्याच्या बाजूला कोणी रिअ‍ॅक्ट वापरतो. मग लायब्ररी प्रत्येकासाठी पुन्हा लिहायची का?

विकिपीडियाने या प्रश्नाला दिलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. तेथे भारतीय भाषांत लिहिण्यासाठी ‘नारायम’ नावाची सोय होती, पण ती मीडियाविकी या विकिपीडियाच्या प्रणालीशीच बांधलेली. २०१२ च्या सुमारास लेखनाचा गाभा वेगळा काढून ‘जेक्वेरी डॉट आयएमई’ ही स्वतंत्र लायब्ररी करण्यात आली. तिच्यात प्रत्येक लेखनपद्धतीच्या नियमांचा तक्ता असतो: ‘के’ची कळ दाबली की ‘क्’ उमटतो, पाठोपाठ ‘ए’ची दाबली की हलन्त जाऊन ‘क’ उरतो. सदस्याची भाषेची पसंती साठवणे वगैरे मीडियाविकीशी बोलण्याची कामे दुसऱ्या विस्ताराकडे गेली. त्यामुळे तोच गाभा इतर संकेतस्थळांनाही वापरता येतो.

आपल्या आडनावाच्या बाबतीतही असेच करावे. गाभ्याला चौकटीचे नावसुद्धा ठाऊक नसावे. मजकूर घ्यावा, शुद्ध मजकूर परत द्यावा, बस्स! अर्जातून नाव काढून गाभ्याकडे देणे आणि उत्तर परत पोचवणे, एवढेच जोडणीच्या तुकड्याचे काम. तो जितका लहान, तितका बरा.

मात्र तोही विचार करूनच लिहावा लागतो. रिअ‍ॅक्टमध्ये पुष्कळदा रकान्यातल्या मजकुराची नोंद चौकट स्वतःकडे ठेवते. बाहेरून परस्पर अक्षर बदलले तर तिला त्याचा पत्ता नसतो, आणि जुना मजकूर पुन्हा येऊन बसतो. म्हणून बदल झाल्याची वर्दी तिला द्यावी लागते.

भाषांचं काय? पायथनसाठी आणि पीएचपीसाठी प्रोग्रॅम वेगळे लागणारच. पण नियमांचा तक्ता एकच ठेवावा, आणि परीक्षेची प्रश्नपत्रिकाही एकच: ही शंभर नावे, ही त्यांची अपेक्षित रूपे. ‘ऱ’ आणि नुक्त्याचा ‘र’ यांना युनिकोडचा प्रमाणीकरणाचा नियम एक करतो. अदृश्य जोडचिन्हाचे रूप त्याच्या आवाक्यात येत नाही. तो नियम तक्त्यात आपणच घालायचा.

उद्या चौकट बदलली तर जोडणीचा तुकडा तेवढा नवा लिहावा लागेल. बोऱ्हाड्यांचे नाव मात्र जागच्या जागी सापडेल.