घाटाचा राजा आणि त्याचा प्रतिस्पर्धी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आम्हाला गणित आणि पदार्थविज्ञान शिकविले. उन्हाळा असो वा पावसाळा, ते सायकलवरूनच शाळेत येत. व्याख्यानाचे निमंत्रण मिळाले तेव्हा एखादा भारदस्त विषय घ्यावा असे मनात आले होते. तथापि गुरुजींची आठवण आणि सायकलची आठवण माझ्या मनात वेगळी काढताच येत नाही. म्हणून आज मी सायकलच्या शर्यतीविषयी, त्यातही डोंगराच्या चढावर दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये होणाऱ्या झुंजीविषयी बोलणार आहे.

या विषयाचे बीज एका जुन्या प्रसंगात आहे. नववीत असताना मी आणि माझ्या एका वर्गमित्राने पैज लावली. शनवाऱ्यावरून निघायचे आणि असीरगडाच्या पायथ्याचा चढ सायकलवरून न उतरता चढायचा. अंतर सुमारे वीस किलोमीटर. ताप्तीकाठचा सपाट प्रदेश मागे पडून सातपुडा सुरू झाला तसे आमचे बोलणे थांबले. चढावर आम्ही जोडीने चाललो होतो. माझी छाती फुटेल असे वाटत होते. माझी नजर पुढच्या चाकाखालच्या डांबरावर खिळली होती. शेवटी मी उतरलो. तो तसाच पुढे गेला, आणि जेमतेम दहा-बारा पावलांवर सायकलसकट रस्त्याच्या कडेला बसला. "तू अजून जरासा टिकला असतास ना, तर मीच उतरणार होतो," असे तो धापा टाकीत म्हणाला.

सोमवारी ही हकीकत गुरुजींच्या कानावर गेली. ते रागावतील असे आम्हाला वाटले होते. त्यांनी मला एवढेच विचारले, "तो तुझ्या शेजारी होता ना? मग तो थकलाय हे तुला कळलं कसं नाही?" आणि खडू घेऊन ते फळ्याकडे वळले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे मी उशिरा दिलेले उत्तर होय.

वारा आणि वजन

मराठी माणसाला सायकल शर्यत म्हटली की मुंबई-पुणे शर्यत आठवते. मुंबईहून निघालेले स्पर्धक खोपोलीपर्यंत जवळजवळ सपाटीवरून येतात आणि तेथे बोरघाट त्यांच्यापुढे उभा राहतो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत थोडक्या अंतरात रस्ता सुमारे पाचशे मीटर उंची गाठतो. जो स्पर्धक हा घाट सर्वांच्या आधी चढतो त्यास 'घाटाचा राजा' असा किताब मिळतो. शर्यत पुण्यास संपते आणि विजेता तेथे ठरतो; तरीही घाटाच्या राजाला वेगळा मान आहे. फ्रान्समधील जगप्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' या शर्यतीतही हीच प्रथा दिसते. १९०३ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीने १९१० साली पिरेनीज पर्वतातील उंच घाट आपल्या मार्गात घेतले. १९३३ पासून उत्तम चढाई करणाऱ्यास स्वतंत्र पारितोषिक मिळू लागले, आणि १९७५ पासून त्याला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी दिली जाते.

चढाला हा स्वतंत्र मान का? याचे कारण गुरुजींनी फळ्यावर मांडले होते. आकडे मी आज नव्याने मांडतो.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराला केवळ हवा कापण्यासाठी सुमारे २९० वॅट शक्ती खर्च करावी लागते. जो दुसऱ्याच्या पाठीमागे चिकटून जातो त्याची यातील सुमारे तिसरा हिस्सा शक्ती वाचते. म्हणूनच सपाटीवर शंभर-दीडशे स्वारांचा जथा एकत्र धावताना दिसतो. त्यात बलवान कोण आणि दुसऱ्याच्या आडोशाने चाललेला कोण, हे पाहणाऱ्यास ओळखू येत नाही.

आता दहा टक्क्यांचा चढ घ्या. म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटर वर चढणारा रस्ता. वेग ताशी अठरा किलोमीटरवर येतो. हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे ती सुमारे अकरा पटींनी घटून पंचवीस-सव्वीस वॅटवर येते. आडोशाने वाचणार ते आठ-नऊ वॅट! पण आता दुसरा शत्रू पुढे आला आहे, आणि तो म्हणजे स्वतःचे वजन. स्वार व सायकल मिळून ७० किलो धरले तर दर किलोमीटरला हे वजन शंभर मीटर वर उचलावे लागते. त्या वेगाने एक किलोमीटरला २०० सेकंद लागतात. म्हणजे केवळ वजन उचलण्यासाठी ३४३ वॅट शक्ती सतत हवी. एकूण वजन ९० किलो असेल तर हाच आकडा ४४१ होतो. अशा दहा किलोमीटरच्या चढावर एक किलो जास्तीचे वजन सुमारे अर्ध्या मिनिटाचा तोटा करते. जगातील नामवंत चढाईपटू अंगाने किरकोळ का असतात, याचे उत्तर या गणितात आहे.

गिअरचा उपयोग नाही काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे. परंतु गिअर शक्ती निर्माण करीत नाही. तो एका मोठ्या ओझ्याचे अनेक लहान हप्ते पाडून देतो. कर्जाची एकूण रक्कम तेवढीच राहते.

या सर्वांचे तात्पर्य असे की चढावर आडोसा संपतो. प्रत्येकाला आपले ओझे आपणच वाहावे लागते. मागे राहणाऱ्यास फुकटची मदत नाही आणि पुढे जाणाऱ्याचे नुकसानही फारसे नाही. जथा विस्कटतो, एकेक जण गळू लागतो, आणि शेवटी दोघे उरतात.

मग या दोघांमध्ये निर्णय कशाने होतो? शरीर काही मर्यादेपर्यंत श्वासावर काम करू शकते. त्या मर्यादेपलीकडे जाऊन जोर लावला की जणू उधारी सुरू होते आणि ती थोड्याच मिनिटांत फेडावी लागते. चढाईत निष्णात असलेला स्वार मुद्दाम असे झटके देतो. एकदा वेग वाढवायचा, पुन्हा कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. प्रतिस्पर्ध्याने प्रत्येक वेळी साथ दिली तर त्याची उधारी वाढत जाते. पण झटका देणाऱ्यावरही तोच भार असतो. म्हणून तो आधी शेजाऱ्याकडे पाहतो. खांदे डुलताहेत काय, तोंड उघडे पडले आहे काय, श्वासाचा आवाज बदलला काय? आणि पाहिला जाणारा स्वार आपला चेहरा शक्य तितका कोरा ठेवतो. येथे शरीराच्या शर्यतीत मनाची शर्यत मिसळते.

१२ जुलै १९६४

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण टूर द फ्रान्सच्या १९६४ सालच्या शर्यतीत घडले. झाक आंकेतिल हा नॉर्मंडीचा. त्याने तोवर चार वेळा ही शर्यत जिंकली होती. एकसारख्या गतीने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे सायकल चालविण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. रेमों पुलिदोर हा लिमुझँ प्रांतातील गरीब शेतकऱ्याचा मुलगा. चढावर तो आंकेतिलला भारी पडू शके. सारा फ्रान्स जणू या दोघांत वाटला गेला होता.

त्या दिवशीचा टप्पा प्वी द दोम या डोंगरावर संपणार होता. हा डोंगर म्हणजे निद्रिस्त ज्वालामुखी. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तो आणखी एका कारणाने ठाऊक असावा. १६४८ साली ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचे मेहुणे फ्लोरँ पेरिये यांनी पाऱ्याची नळी या डोंगरावर नेली आणि उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो हे दाखवून दिले. जेथे हवेचे वजन मोजले गेले, तेथेच तीन शतकांनंतर दोन माणसांच्या दमाचा कस लागला.

टप्पा सुरू होताना आंकेतिल एकूण वेळात ५६ सेकंदांनी पुढे होता. शेवटचा चढ डोंगराला वेटोळे घालीत जातो. पुढे निसटलेल्या हुलिओ हिमेनेझ आणि फेदेरिको बाहामोन्तेस या दोन स्पॅनिश चढाईपटूंकडे या दोघांचे लक्षही नव्हते. प्रचंड गर्दीतून वाट काढीत दोघे एकमेकांशेजारी चढत राहिले. आंकेतिल थकला होता. अशा वेळी कोणीही प्रतिस्पर्ध्याच्या मागे राहिला असता. पण मागे राहणे म्हणजे थकव्याची कबुली देणे. म्हणून तो डोंगराच्या बाजूने पुलिदोरच्या अगदी बरोबरीने चालत राहिला. एका क्षणी दोघांचे कोपर आणि खांदे एकमेकांवर आदळले. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर गाजले. त्यात दोघेही एकमेकांकडे पाहत नाहीत. ते छायाचित्र मी प्रथम पाहिले तेव्हा मला असीरगडचा रस्ता आठवला.

पुलिदोरला शेजाऱ्याच्या थकव्याचा अंदाज येईपर्यंत शिखर सुमारे एका किलोमीटरवर आले होते. मग त्याने जोर लावला आणि आंकेतिल मागे पडला. एवढ्याशा अंतरात पुलिदोरने ४२ सेकंद कमावले. परंतु त्याला ५६ हवे होते. आंकेतिलपाशी १४ सेकंद शिल्लक राहिले. दोन दिवसांनी शर्यत पॅरिसला संपली तेव्हा हे अंतर ५५ सेकंद झाले होते आणि आंकेतिल पाचव्यांदा विजयी ठरला होता. पुलिदोरने याच शर्यतीत मोनॅको येथे, एक फेरी शिल्लक असताना टप्पा संपला असे समजून आधीच जोर लावला होता. तो टप्पा आणि विजेत्यास मिळणारी एक मिनिटाची सवलत आंकेतिलच्या पदरात पडली. पंचावन्न सेकंदांनी हरणाऱ्याला ते मिनिट केवढे महाग पडले!

पुलिदोर या शर्यतीत एकंदर तीन वेळा दुसरा आणि पाच वेळा तिसरा आला. विजेतेपद राहोच, आघाडीवरच्या स्वाराची पिवळी जर्सी त्याला एका दिवसापुरतीही मिळाली नाही. तरी फ्रान्सच्या लोकांनी आंकेतिलपेक्षा अधिक प्रेम त्याच्यावरच केले. शर्यतीतले हे वैर निवृत्तीनंतर मैत्रीत बदलले. आंकेतिल १९८७ मध्ये वारला, पुलिदोर २०१९ मध्ये. त्यानंतर २०२१ च्या शर्यतीत पुलिदोरचा नातू माथ्यू वान डेर पूल याने चढावर संपणारा टप्पा जिंकला, बोट आकाशाकडे केले आणि आजोबांना कधीच न मिळालेली ती पिवळी जर्सी अंगावर चढविली.

चढाची काळी बाजू

गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानात अर्धे सत्य सांगणे योग्य होणार नाही. चढावर आडोसा नसतो असे मी म्हणालो. पण माणसाने एक खोटा आडोसा शोधून काढला, आणि तो म्हणजे उत्तेजक औषधे. १३ जुलै १९६७ रोजी मों वांतू या उघड्याबोडक्या डोंगरावर टॉम सिम्पसन हा इंग्लिश स्वार रणरणत्या उन्हात कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात उत्तेजक द्रव्य सापडले. स्वतः आंकेतिलनेही अशा औषधांच्या वापराची गोष्ट लपविली नव्हती. पुढे लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ पर्यंत मिळविलेली सातही विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली. थकल्याची सूचना देणे हा शरीराचा धर्म आहे. प्रतिस्पर्ध्यापासून थकवा लपविणे हे खेळातले चातुर्य होय. स्वतःच्याच शरीरापासून तो लपविणे हा आत्मघात होय.

याच चढांनी उजळ प्रसंगही दाखविले आहेत. २१ जुलै २०२२ रोजी पिरेनीजमध्ये डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड आणि स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार यांची झुंज चालली होती. चढावर पोगाचारने पुनःपुन्हा झटके देऊन पाहिले. विंगेगार्ड हटला नाही. पुढे उतारावर पोगाचार घसरून पडला. विंगेगार्डला तेव्हा सरळ निघून जाता आले असते. तो थांबत थांबत गेला, पोगाचारने त्याला गाठले आणि दोघांनी चालत्या सायकलींवर हात मिळविले. त्यानंतर ओताकामच्या चढावर विंगेगार्डने त्याला मागे टाकले आणि टप्पा जिंकला. त्या वर्षीची शर्यतही त्यानेच जिंकली.

हे विंगेगार्डने का केले असावे? माझ्या मते, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर मिळविलेल्या विजयातून आपण किती चढू शकतो हे त्याला कधीच कळले नसते. आणि हेच गुरुजींच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. मी फक्त स्वतःच्या थकव्याकडे पाहत होतो. शेजारचा माणूसही तेवढाच थकला आहे, आपल्यासाठी तोही टिकून राहिला आहे, हे पाहण्याइतकी मान मी वर केली नाही.

आपल्या शाळेच्या सभागृहात गुणफलक आहे. त्यावर प्रत्येक वर्षी पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे नाव लिहिले जाते. आमच्या वर्षापुढे त्या मित्राचे नाव आहे. मी दुसरा होतो. तो फलक बदलावा असे मी सुचविणार नाही. पहिल्याला त्याचा मान मिळालाच पाहिजे. फक्त येथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी ते नाव वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की त्याच्या शेजारी कोणीतरी चढत होते, म्हणून तो तितका चढला.

तो माझा मित्र आज समोरच्या रांगेत बसला आहे. दोघांचीही साठी उलटली आहे. असीरगडचा चढ आता आमच्याने होणे नाही. त्या दिवशी त्याने मला दहा-बारा पावलांनी हरविले हे खरे. पण त्या रस्त्यावर मी एकटा असतो, तर पहिल्याच वळणावर उतरलो असतो.

गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.