नगररचनाकाराची बांधिलकी

कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेआधी चार दिवस मी कपिलधारला होतो. बीडच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात हे ठिकाण आहे. येथे मन्मथस्वामींची समाधी आहे. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणातून वीरशैव भाविक येथे येतात. एरवी शांत असणाऱ्या या जागी यात्रेच्या दिवसांत एक शहरच उभे राहते आणि ओसरून जाते. माझ्याबरोबर नगररचनेचे शिक्षण घेणारे सहा विद्यार्थी होते. त्यांच्या हातात फीत, वही आणि कोरा कागद होता. 'या चार दिवसांच्या शहराचा आराखडा करा,' एवढेच मी त्यांना सांगितले होते.

मुलांनी मनापासून काम केले. वाहनतळ, पोलीस चौकी, दवाखाना, दुकानांच्या रांगा, पाण्याचे नळ, शौचालये असे सारे कागदावर आले. जवळच झाडलोट करणारी एक बाई हातातला झाडू टेकवून ते बघत होती. ती म्हणाली, "लेकरांनो, समदं काढलंत. आमी भाकर कुठं खायची, ते कुठं काढलंय?"

मुले गप्प झाली. यात्रा पांगल्यावर ती जागा जे हात स्वच्छ करणार, त्या हातांना धुवायला नळ नकाशात नव्हता. बसायला सावली नव्हती, झाडू-घमेली ठेवायला जागा नव्हती. बाराव्या शतकात बसवण्णांनी कल्याणला 'कायक' म्हणजे श्रम हीच पूजा मानली. त्या परंपरेच्या स्थानावर बसून आम्ही श्रम करणारालाच विसरलो होतो. चूक मुलांची कमी आणि त्यांना शिकवणारांची जास्त होती. म्हणजे माझीही होती.

मला हे बोलण्याचा अधिकार आहे, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. तरुणपणी मी एका कार्यालयात अनुरेखक होतो. एके दिवशी माझ्याच गावचा नकाशा माझ्यापुढे आला. गावठाणाची रेषा जिथे संपत होती, तिच्या पलीकडे ओढ्याच्या खालच्या अंगाला आमची वस्ती होती. जुन्या नकाशात ती नव्हती. मी वरिष्ठांना विचारले. उत्तर मिळाले, "गावठाणाबाहेरचे काढायचे नाही." मी मान खाली घालून रेषा ओढली. जिथे माझी आई चूल पेटवत होती ती जागा मी माझ्या हाताने कोरी ठेवली. पुढे त्याच नकाशावरून नळयोजना झाली आणि नळ गावठाणाच्या रेषेपाशी थांबला. कोणी जातीचे नाव घेतले नाही, कोणी शिवी दिली नाही. कागदाने ते काम मुकाट्याने केले.

मित्रहो, नगररचना म्हणजे केवळ रस्ते आणि इमारती आखण्याचे शास्त्र नव्हे. पाणी कोणाच्या दारी येणार, घाण कोणाच्या दारी जाणार, कोणाचे घर कायदेशीर आणि कोणाचे अतिक्रमण, हे ठरवणारा तो निर्णय आहे. आपले गाव कोणी तरी रचलेलेच आहे. वस्ती गावाबाहेर योगायोगाने गेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवीकरणावर टीका केली, ती या रचनेचा अनुभव घेऊनच. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण पाटी बदलली म्हणून वस्तीची जागा बदलत नाही आणि नळही आपोआप पुढे सरकत नाही.

मग नगररचनाकाराने काय करावे? १९६५ साली पॉल डेव्हिडॉफ या अमेरिकन नियोजनकाराने एक विचार मांडला. वकील जसा आपल्या पक्षकाराची बाजू लढवतो, तसे नियोजनकाराने दुर्बल समूहाची बाजू घेऊन त्यांचा पर्यायी आराखडा मांडावा. सर्वांच्या हिताचा एकच आराखडा असतो, हा समज त्याने नाकारला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९६४ पासूनच वास्तुरचनाकारांची एक समिती काळ्या वस्तीच्या बाजूने अशा प्रकारचे काम करीत होती. काळ्या पँथरचे नाव घेऊन १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली. पण वस्तीसाठी नकाशा काढणारांची तशी फळी मात्र आपण उभी केली नाही. कवी मिळाले, वक्ते मिळाले, वकील मिळाले; नगररचनाकार फार थोडे मिळाले.

आपल्या देशात अशा स्वयंसेवी कामाचे दाखले नाहीत असे नाही. १९८५ साली मुंबईत 'स्पार्क' या संस्थेने पदपथावर राहणाऱ्यांची गणना केली. जे सरकारी मोजणीत अदृश्य होते, ते त्यामुळे आकड्यांत आले. केरळात १९९६ साली लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली, तेव्हा पंचायतींचे प्रकल्प तपासायला निवृत्त अभियंते व तज्ज्ञ यांचे स्वयंसेवी तांत्रिक दल उभे केले गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. नियोजनकार, विद्यार्थी आणि वस्त्यांतील कार्यकर्ते यांनी तो वाचला, चुका शोधल्या, हजारो हरकती दाखल झाल्या. एप्रिल २०१५ मध्ये शासनाला तो फेरतपासणीस पाठवावा लागला. मंजुरी मिळायला २०१८ साल उजाडले. सामान्य माणसाला नकाशा वाचता आला की काय घडते, हे त्यातून दिसते.

म्हणून कायद्याची दोन-तीन कलमे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असली पाहिजेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, आणि ३० दिवसांत कोणीही लेखी हरकती व सूचना देऊ शकतो. कलम २८ प्रमाणे हरकत घेणाराचे म्हणणे नियोजन समितीपुढे ऐकून घ्यावे लागते. या कायद्यात 'आरक्षण' या शब्दाचा अर्थ निराळा आहे. शाळा, बाग, दवाखाना यांसाठी राखून ठेवलेली जमीन म्हणजे आरक्षण. ती जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देतो, आणि मुदतीत पावले न उचलल्यास आरक्षण संपते. वस्तीजवळच्या शाळेची जागा अशीच हातची जाते, आणि वस्तीला ते फार उशिरा कळते. ३० दिवस म्हणजे किती? मजुरी बुडवून नगरपालिकेच्या भिंतीवरचा नकाशा पाहायला जाणाऱ्या माणसासाठी ते काहीच नाहीत. त्या ३० दिवसांत जो नगररचनाकार तो नकाशा वस्तीच्या समाजमंदिरात आणून, 'हे तुमचे घर, ही त्यावरून जाणारी रस्त्याची रेषा,' असे बोट ठेवून सांगेल, त्याची सेवा मोठी आहे.

मराठवाड्यात याहून निकडीचे एक काम आहे. येथील भूमिहीन दलितांनी गायराने कसली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. पण शासकीय अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा मिळालेला असेल, अशा प्रकरणांना त्याच निकालात अपवादही ठेवला. अपवाद आहे, पण तो सिद्ध कोण करणार? कोणाची वहिवाट कोठे, केव्हापासून, केवढी, याचा पुरावा लागतो. जुनी दंडपावती, पीकपाहणी, ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि मोजून काढलेला नकाशा एकत्र ठेवला तर प्रकरण उभे राहते. २०२० पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी होत आहे. तिच्यात आपल्या वस्तीची घरे आली की नाहीत, हे पाहणेही असेच काम आहे. सुट्टीतले पंधरा दिवस दिले, तर चार विद्यार्थी एका गावाचे काम पुरे करू शकतात.

आता शिक्षणाविषयी. नियोजनाची पदवी चार वर्षांची आणि पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची असते. पुण्याच्या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, जे आता विद्यापीठ झाले आहे, आणि दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये हे शिक्षण मिळते. भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रात एम. ए. झालेल्यांनाही अनेक संस्थांत पदव्युत्तर प्रवेश मिळतो. आपल्या मुलांना ही गोष्ट कोणी सांगतच नाही. शासनाच्या नगररचना विभागातील सहायक नगररचनाकाराची पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. नीती आयोगाच्या सप्टेंबर २०२१ च्या अहवालानुसार देशातील राज्यांच्या नगररचना विभागांत ३,९४५ पदे मंजूर होती आणि त्यांपैकी ४२ टक्के रिकामी होती. त्याच अहवालात एकूण १२,००० हून अधिक पदांची गरज सांगितली आहे. म्हणजे आराखडे होत आहेत, पण ते करणारे हात अपुरे आहेत. शिक्षकांनी आपल्या वर्गातील दोन मुलांना जरी ही वाट दाखवली, तरी पुष्कळ होईल.

जे व्यवसायात आहेत, त्यांच्यासाठी १९५१ साली स्थापन झालेली नगररचनाकारांची अखिल भारतीय संस्था आहे. तिची नियतकालिके आणि परिषदा आहेत. तेथे जाऊन शिकावे. परंतु सभागृहातले शिक्षण अर्धेच असते. १९१४ साली भारतात आलेले पॅट्रिक गेडिस सांगत, की आधी पाहणी, मग आराखडा. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या म्हणण्यात मी एवढीच भर घालीन, की पाहणी कोणाबरोबर केली यावर आराखडा कोणाचा होतो हे ठरते.

येथे एक इशाराही दिला पाहिजे. स्वयंसेवा म्हणजे उपकार नव्हे. वस्तीत यायचे, छायाचित्रे काढायची, अहवाल लिहून पदोन्नती मिळवायची, असे करणारे आम्ही पाहिले आहेत. नकाशाची एक प्रत वस्तीतच राहिली पाहिजे, आणि वस्तीतल्या दोघा-तिघांना फीत धरता व नकाशा वाचता आला पाहिजे. तसेच, फुकट काम करणारे मिळाले म्हणून शासनाने भरावयाची पदे रिकामी ठेवू नयेत, हेही ठणकावून सांगितले पाहिजे.

कपिलधारला मुले पुन्हा कामाला लागली. आपत्तीच्या छावण्यांसाठीची जागतिक मानके मी त्यांना सांगितली : एका नळावर २५० माणसे, सुरुवातीच्या काळात ५० माणसांमागे एक शौचकूप, आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. मैला हाताने उपसण्यावर १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी बंदी आहे. तेव्हा शोषखड्डा असा आखा की कोणाला त्यात उतरावे लागू नये, असे बजावले. मग ती मुले त्या बाईकडे गेली आणि तिला विचारून त्यांनी एक चौकोन काढला. तिथे सावली, नळ, साबण आणि भाकर खायला जागा होती.

तो चौकोन आता कागदावर आहे. कागदावरची जागा जमिनीवर आली की नाही, हे पाहायला पुढच्या कार्तिकीला आम्ही पुन्हा जाणार आहोत. ज्यांना फीत धरता येते त्यांनी बरोबर यावे. ज्यांना येत नाही त्यांनीही यावे. ती धरायला अर्धा तास पुरतो.