त्याच चालीवर तिचं उत्तर

१९५२ साली अमेरिकेच्या कंट्री संगीतावर हँक थॉम्पसन यांच्या एका गाण्याचं राज्य होतं. 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ'. संसार सोडून बारच्या झगमगाटात रमलेल्या बायकोबद्दल नवऱ्याची तक्रार, असा त्याचा विषय. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या कंट्री यादीत ते १५ आठवडे पहिलं होतं. रस्त्याकडेच्या ज्या बारना तिकडे 'हॉन्की-टॉन्क' म्हणतात, त्यांना महायुद्धाच्या काळात बरकत आली होती. गाव सोडून कारखान्यांत आलेल्यांच्या हातात पैसा खेळू लागला होता. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये अमेरिकेतल्या घटस्फोटांच्या प्रमाणाने उच्चांक गाठला. मोडलेल्या संसारांचा दोष कुणाचा, हा प्रश्न घरोघरी धुमसत होता. थॉम्पसन यांच्या गाण्याने तो दोष बाईच्या माथी मारला.

लुइझियानातल्या क्राउली गावचे जे. डी. मिलर यांनी त्याला उत्तर लिहिलं: 'इट वॉझन्ट गॉड हू मेड हॉन्की टॉन्क एंजल्स'. बारमध्ये रमणाऱ्या बायका देवाने घडवलेल्या नाहीत; लग्न झालेलं असूनही अविवाहित असल्यासारखे वागणारे पुरुष त्याला जबाबदार आहेत, असा त्याचा रोख. चाल तीच ठेवलेली. ती थॉम्पसन यांचीही नव्हती. कार्टर फॅमिलीने १९२९ मध्ये तिच्यावर विरहगीत ध्वनिमुद्रित केलं होतं, तर १९३६ मध्ये गायक रॉय अकफ यांनी भक्तिगीत. श्रोत्याला सूर आधीच पाठ होता, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष शब्दांकडे गेलं. या गाण्याच्या यशाचं मोठं कारण मला तेच वाटतं.

गायिका किटी वेल्स, मूळ नाव एलन म्यूरिएल डीसन. वय ३२, तीन मुलांची आई. आरसीए कंपनीसाठी आधी केलेल्या तबकड्या चालल्या नव्हत्या. पती जॉनी राइट एका दुकलीत गात, आणि किटी संसाराकडेच वळण्याच्या बेतात होत्या. ३ मे १९५२ रोजी नॅशव्हिलच्या टुलेन हॉटेलातल्या कॅसल स्टुडिओत त्या गेल्या, त्या मुख्यतः मानधनाच्या १२५ डॉलरसाठी, असं त्यांनीच पुढे सांगितलं. ध्वनिमुद्रण आज ऐकताना जाणवतो तो त्यांच्या आवाजातला संयम. चढा सूर नाही, आदळआपट नाही. लहानपणी भक्तिगीतांवर पोसलेला तो गळा आरोपसुद्धा साक्ष दिल्यासारखा मांडतो. कुणी त्वेषाने गायलं असतं तर ऐकणाऱ्याला ते भांडण म्हणून झटकून टाकता आलं असतं.

एनबीसी रेडिओने गाण्यावर बंदी घातली. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या नामांकित कार्यक्रमातही सुरुवातीला ते गाऊ दिलं गेलं नाही. तरीही ते अडलं नाही, याचं एक कारण त्या काळच्या मोजणीत आहे. तेव्हा 'बिलबोर्ड' कंट्री गाण्यांच्या तीन वेगळ्या याद्या छापत असे: दुकानांतली विक्री, रेडिओ निवेदकांची पसंती आणि ज्यूकबॉक्स. रेडिओने तोंड फिरवलं, तरी ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकणाऱ्या बाईचा कौल मोजला जात होता. ऑगस्टमध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि सहा आठवडे तिथे राहिलं. 'बिलबोर्ड'च्या कंट्री याद्यांत एकल गायिकेने अव्वल स्थान मिळवण्याची ती पहिलीच वेळ.

बाईची तबकडी खपत नाही, हा नॅशव्हिलच्या संगीत कंपन्यांचा ठाम समज होता. या यशानंतर पॅट्सी क्लाइन, लोरेटा लिन या गायिकांसाठी वाट रुंद झाली. समज मात्र पुरता मेला नाही. २०१५ मध्ये कंट्री रेडिओच्या एका सल्लागाराने जाहीरपणे सांगितलं, की लोकप्रियता हवी असेल तर गायिकांची गाणी कमी वाजवा. किटी वेल्स यांच्या यशाला तेव्हा ६३ वर्षं झाली होती. इतक्या काळानंतरही हे बोललं जावं, याची मला चीड येते.

किटी वेल्स २०१२ मध्ये, ९२ व्या वर्षी वारल्या. दोन्ही गाणी आज सहज मिळतात. आधी थॉम्पसन यांचं ऐका आणि लगेच किटी वेल्स यांचं. क्रम बदलू नका.